पाण्याखालचा दगड जिवंत आहे

मालवणच्या समुद्रात बुडी मारून मासे बघायला लोक लांबून येतात, हे तुम्ही ऐकलं असेल. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. यालाच स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पण खाली असतं तरी काय?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. त्यांवर प्रवाळ वाढतं. दिसायला दगड, पण असते चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. हे प्राणी चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळालाही देतं. पाणी फार तापलं की ही सोबत तुटते आणि प्रवाळ पांढरं पडतं. गोल, भरीव जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे वीतभर वाढायला वीस वर्षं!

या कपारींत माशांची पिल्लं लपतात, गोबरा दबा धरून बसतो, शेवंडं राहतात. हा ठेवा जपण्यासाठी १९८७ मध्ये इथला २९.१२ चौरस किलोमीटर भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

गेल्या हिवाळ्यात मीही भीत भीत उतरले. कानाला दडे बसले. सोबतच्या मुलाने शिकवल्याप्रमाणे नाक धरून हलकेच फुंकर मारली, तेव्हा कान मोकळे झाले. समोर रंगीत माशांचा थवा बघून भीती पळाली. तेवढ्यात शेजारच्या पाहुण्याने तोल सावरायला प्रवाळावर पाय दिला आणि तुकडा मोडला. वीस वर्षांची वाढ एका पावलात गेली. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

हे सांगायचं काम आपण करू शकतो. पाहुण्यांना जेवण आपण वाढतो, खोल्या आपण देतो. सकाळचा चहा देतानाच सांगा: प्रवाळावर उभं राहू नका. माशांना बिस्किटं घालू नका, शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे आयत्या खाण्याला लागतात. आठवण म्हणून तुकडा उचलू नका, कायद्याने तो गुन्हा आहे. होडी आपल्या घरची असेल तर नांगर खडकावर टाकू देऊ नका.

आणि तुम्ही स्वतः उतरणार असाल तर वर येताना श्वास रोखू नका. गरोदर बाईने उतरू नये. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रवाळ राहिलं तर मासळी राहील, आणि पाहुणेही येत राहतील. येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.