बसल्या जागेवरून पुन्हा कामाला

कुणाचा हात कारखान्यात मागात सापडतो, कुणी विजापूर रोडवर दुचाकीवरून पडतं, कुणी बांधकामाच्या परांचीवरून. दवाखान्यातून घरी आल्यावर काही महिने औषधं आणि व्यायाम यांत जातात. मग घरात कुणी मोठ्याने न विचारलेला प्रश्न पुढे येतो: आता कमाईचं काय? सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात अशा वेळी शेजारपाजारचे लोक एकच सल्ला देतात, ‘ऑनलाइन काहीतरी कर की, घरबसल्या पैसे मिळतात.’

सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ‘काहीतरी’ म्हणून शोधलेलं काम बहुतेक वेळा फसवणुकीकडे किंवा कवडीमोल टायपिंगकडे नेतं. आपण इतकी वर्षं जे काम केलं, त्यातलं डोक्यात साठलेलं ज्ञान अपघातात गेलेलं नसतं. ते ज्ञान बसून विकायची सोय म्हणजे ऑनलाइन काम. इथवर पोचायच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी: किती वेळ बसता येतं?

सुरुवात कॉम्प्युटरपासून करू नका, शरीरापासून करा. दुखणं न वाढता सलग किती वेळ बसता येतं, दिवसाच्या कुठल्या वेळी अंगात ताकद असते, कुठलं औषध घेतल्यावर झोप येते, हे आठ-दहा दिवस वहीत लिहा. डोक्याला मार लागला असेल तर लक्ष किती वेळ टिकतं आणि वाचलेलं किती लक्षात राहतं, हेही नोंदवा. आपण कामाचे किती तास कबूल करू शकतो, याचं उत्तर ही वही देते.

मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गेली असेल, तर सर्वांत मोठा धोका दाबाच्या जखमांचा, म्हणजे बेडसोअरचा. त्या खुर्चीत बसूनही होतात आणि दुखत नसल्यामुळे कळत नाहीत. दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून बैठकीवरचा दाब हलका करा. फोनवर गजर लावून ठेवा. कामाच्या नादात हे विसरलं, तर एक जखम कित्येक आठवडे पालथं झोपवून ठेवते आणि हातातलं काम जातं. व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे रोजची कामं नव्या शरीराने कशी करायची हे शिकवणारे थेरपिस्ट, यांच्याकडून एकदा बैठक तपासून घ्या.

दुसरी पायरी: कागद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. त्याचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, अर्थात देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि नंतर वैद्यकीय तपासणीला जायचं. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं कार्ड, 80 आणि त्यावर निळं, 40 च्या खाली पांढरं. घाई करून उपयोग नसतो, कारण सुधारणेला वाव असेल तर मुदतीचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआय आणि ऑपरेशनचे कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. जुळे सोलापुरातून ‘गावात’ सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीसाठी जायला रिक्षा आणि सोबतीला माणूस लागतो. एका कागदासाठी दुसरी खेप नको.

या टप्प्यावर होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे जुन्या नोकरीचा राजीनामा. सरकारी आस्थापनेत सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही किंवा हुद्दा खाली आणता येत नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं, आणि पद मोकळं नसेल तर ते मिळेपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. वर सांगितलेल्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम 20 मध्ये हे आहे. ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून कुणी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

खासगी कारखान्यात होतात, तर तीन गोष्टी विचारा. ईएसआय म्हणजे कामगार विमा होता का? कामावरच्या अपघातानंतर तात्पुरत्या अपंगत्वात त्यातून वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो. हा भत्ता चालू असताना कमाई सुरू करायची असेल, तर आधी कार्यालयात विचारा. ईएसआय नसेल, तर कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींखाली मालकाकडे दावा करता येतो. आणि पीएफ कापला जात होता का? नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी अपंगत्व पेन्शन मिळू शकतं. नव्या कामातून पहिली कमाई यायला वेळ लागतो, तो काळ या पैशांवर निभावतो. संजय गांधी निराधार योजनेसारख्या मदतीला मात्र उत्पन्नाची अट असते, हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: जुन्या कामातलं काय उरलं?

मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पहिलं. रिंग सुटली, पण खेळाडूची शिस्त आणि दंडातला जोर शिल्लक होता. त्याला साजेसा खेळ त्यांनी घेतला.

आपणही तसाच हिशेब करायचा. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे जुन्या कामात शरीर करायचं ते, उजवीकडे डोकं करायचं ते. टॉवेलच्या कारखान्यातल्या जॉबरचा उजवा रकाना मोठा निघतो: सुताचा काउंट, टॉवेलचं वजन, कुठला दोष कशामुळे येतो, कुठला माल कुठल्या बाजारात चालतो. त्यातून कॅटलॉगचं वर्णन, ऑर्डरचा पत्रव्यवहार, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं ही कामं निघतात. सोलापुरात चादरी, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांचे कितीतरी कारखानदार आहेत. माल ओळखणारा आणि टाइप करू शकणारा माणूस त्यांना सहजी मिळत नाही.

ड्रायव्हरला रस्ते, भाडी आणि ट्रान्सपोर्टची भाषा येते. ई-वे बिल भरणं आणि गाड्यांची नोंद ठेवणं तो शिकू शकतो. दुकानात हिशेब पाहणारा माणूस टॅली आणि जीएसटीचं काम घरून करतो. शिक्षक ऑनलाइन शिकवणी घेतो, गवंडीकाम जाणणारा एस्टिमेट तयार करतो.

सोलापूरकराकडे आणखी एक भांडवल असतं, ते म्हणजे भाषा. इथल्या अनेक घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड असते आणि गल्लीत हिंदी-उर्दू. भाषांतर, उपशीर्षकं, ऐकून लिहून काढणं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन, ग्राहकांशी चॅटवर बोलणं, या सगळ्यांत दोन-तीन भाषा येणाऱ्याला जास्त मागणी असते. बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ यांना लहानपणीच्या अपघातात मणक्याची इजा झाली. आज त्या कोल्हापुरात राहून लेखन आणि अनुवाद करतात. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना 2020 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. मात्र भाषा बोलता येणं आणि ती बिनचूक लिहिता येणं यांत अंतर आहे. तेलुगू बोलता येते पण लिपी वाचता येत नसेल, तर बोलण्याचं काम धरा.

चौथी पायरी: जागा आणि यंत्र

मोबाइलवर शिकता येतं, चार तास काम करता येत नाही. मान आणि मनगट जातं. जुना का होईना, लॅपटॉप घ्या. टेबलाखाली व्हीलचेअर जाते का, कोपर काटकोनात राहतं का, पडदा डोळ्यांच्या रेषेत येतो का, हे पाहा. पडदा उंच करायला चार जाड पुस्तकं पुरतात, मग कीबोर्ड वेगळा जोडा.

महागडी उपकरणं घेण्याआधी यंत्रात फुकट असलेल्या सोयी वापरून पाहा. एकाच हाताने काम करणाऱ्यासाठी विंडोजमध्ये स्टिकी कीज आहे: शिफ्ट पाच वेळा दाबलं की ती सुरू होते आणि दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत. बोटं चालत नसतील तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं. विरामचिन्हं आणि नावं मात्र नंतर तपासावी लागतात. दृष्टी गेली असेल तर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मोफत आहे.

सोलापूरचा एप्रिल-मे वेगळा विचार मागतो. मान किंवा छातीच्या वरच्या भागातल्या मणक्याला इजा असेल, तर इजेच्या खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि शरीर तापत जातं. पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर दुपारी काम म्हणजे थेट धोका. या महिन्यांत पहाटेची आणि रात्रीची पाळी धरा, कूलर आणि ओला टॉवेल हाताशी ठेवा. इन्व्हर्टर घेतलात तर लॅपटॉपबरोबर वायफायचा राउटरही त्यावर जोडा. नेमकं हेच राहून जातं.

पाचवी पायरी: एकच कौशल्य, पुरतं

चार कोर्स अर्धवट करण्यापेक्षा एक पूर्ण करा. कॉम्प्युटरची ओळखच नसेल तर एमएस-सीआयटीपासून सुरुवात ठीक. मराठीत काम करायचं असेल तर युनिकोड टायपिंग शिका; ते कुठल्याही फोनवर आणि कॉम्प्युटरवर जसंच्या तसं दिसतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो.

शिकता शिकता नमुने तयार करा. अजून ग्राहक नाही म्हणून नमुना नाही आणि नमुना नाही म्हणून ग्राहक नाही, या फेऱ्यात पुष्कळ जण अडकतात. ओळखीच्या दुकानाचा एका महिन्याचा हिशेब टॅलीत मांडा, एखाद्या भाषणाची दहा मिनिटं लिहून काढा, पाच टॉवेलांची वर्णनं लिहा. तीन चांगले नमुने पुरतात.

सहावी पायरी: पहिलं काम आणि त्याचा दर

पहिलं काम परक्या वेबसाइटवर शोधण्याआधी ओळखीत शोधा: जुना मालक, कारखानदार, सीए, ट्रान्सपोर्टवाला, शाळा. त्यांना आपलं काम माहीत असतं. अपवर्क, फायव्हरसारख्या ठिकाणी जगभरची स्पर्धा असते. दोन-चार ओळखीची कामं पाठीशी असली की तिथे उतरा.

दर ठरवताना वेळ मोजा. एका तासाचं रेकॉर्डिंग लिहून काढायला सरावलेल्या माणसालाही साधारण चार तास लागतात, नवख्याला त्याहून जास्त. ‘एक तासाचं तर काम आहे’ असं ग्राहक म्हणाला, तर हे गणित शांतपणे सांगा. मुदत देताना दवाखान्याचे दिवस आणि दुखणं उसळण्याचे दिवस धरून द्या. आपलं दिव्यांगत्व सांगायचं की नाही, हा आपला निर्णय; कामाच्या वेळेवर परिणाम होणार असेल तेवढं आधी सांगितलेलं बरं, बाकी तपशील देणं बंधनकारक नाही.

सातवी पायरी: फसवणूक ओळखणं

घरात अडकलेला, पैशांची निकड असलेला माणूस ठकांना हवाच असतो. त्यांचे प्रकार ठरलेले आहेत. ‘डेटा एन्ट्री’च्या नावाखाली आधी नोंदणी फी किंवा अनामत मागतात. काहीजण करार करवून घेतात आणि काम दिल्यावर चुका जास्त निघाल्या म्हणून खोट्या वकिलाकरवी दंडाची धमकी देतात. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायला सांगून आधी थोडे पैसे देतात, मग ‘मोठ्या टास्क’साठी आपलेच पैसे भरायला लावतात. काहीजण बँक खातं भाड्याने मागतात; त्यात पोलीस आपल्याच दारी येतात.

खऱ्या वेबसाइट कमाईतून कमिशन कापतात, काही ठिकाणी अर्ज करण्यापुरतं अल्प शुल्कही असतं. पण काम देण्यासाठी अनामत कुणी खरा ग्राहक मागत नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. फसलात तर लाजून वेळ घालवू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आठवी पायरी: हिशेब

कामासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि प्रत्येक कामाचं तारीख-क्रमांकासह बिल द्या. ग्राहकाने टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, कापला असेल तर कर लागू नसतानाही विवरणपत्र भरा, नाहीतर परतावा मिळत नाही. भरलेलं विवरणपत्र पुढे कर्जालाही उपयोगी पडतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, त्यामुळे सुरुवातीला ती चिंता नको. परदेशातून पैसे आले तर बँक कारण विचारते. ग्राहकाचा ईमेल आणि बिल जपून ठेवा.

नववी पायरी: घरातल्यांशी ठरवणं

घरून काम करणारा माणूस घरच्यांना ‘मोकळा’ वाटतो. त्यातून सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि नळ आलेल्या तासात घरात निवांत कुणी नसतं. त्या वेळी ग्राहकाशी बोलणं ठेवू नका आणि आपले कामाचे तास घरच्यांना आधी सांगा. आपली मदत कुणी, कधी करायची, हेही तेव्हाच ठरवा. औषधाच्या वेळेला किंवा बाथरूमला नेण्यासाठी कुणाला थांबावं लागत असेल, तर त्यांचाही दिवस आखावा लागतो.

पहिले सहा महिने दिवसाला दोन-तीन तासांच्या पुढे जाऊ नका, काम मिळत असलं तरी. सहा महिन्यांनी पहिल्या पायरीवरची वही पुन्हा उघडा: दुखणं वाढलं का, जखम झाली का, मुदती पाळल्या गेल्या का? तिन्हींची उत्तरं बरी असतील तर तासांआधी दर वाढवा. तास वाढवायला शरीराची मर्यादा आहे. चोख काम करणाऱ्याचा दर मात्र वर्षागणिक चढत राहू शकतो.