ताम्रपट, तीज आणि तीन याद्या

तांड्याचं नाचणं वर्षातून दोनदा भरात येतं: होळीला लेंगी, श्रावणात तीज. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी भागातले बंजारा तांडे जे रिंगण धरतात, ते तेलंगणातल्या लंबाड्यांच्या आणि कर्नाटकातल्या लंबाण्यांच्या तांड्यांतही धरलं जातं. समाज एकच, त्याची गोरबोलीही एकच, लिहायची झाली तर इकडे देवनागरीत, तिकडे तेलुगू किंवा कन्नड लिपीत. गाणी तोंडोतोंड चालत आली, म्हणून लिपीवाचून त्यांचं अडलं नाही.

तीज कुवार मुलींची. तांड्याच्या नायकाची परवानगी घेऊन त्या दुरड्यांत माती-खत भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि दुरड्यांभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर वाकत, गिरक्या घेत फेर धरतात. बोरीच्या काट्यांना भिजवलेले हरभरे टोचायचे आणि थट्टेच्या नात्यातल्या पोरांनी नेमकी तेव्हाच फांदी हलवायची, हा त्यातला खट्याळ भाग. गोकुळाष्टमीच्या सुमारास कोवळे पिवळसर कोंब आप्तांना वाटून दुरड्या पाण्यात सोडतात. बायकांचा फेटिया-कांचळीचा पारंपरिक पोशाख रोजच्या वापरातून बहुतेक गेला. सणाला पेटीतून निघतो.

हा समाज इतका पांगला तो बैलांमागे. मीठ आणि धान्य लादून तांडे फौजांबरोबर दख्खनेत उतरले. वऱ्हाडातला पोलीस अधिकारी कंबरलेज याने १८८२ मध्ये नोंदवलेली कथा मोठी चवदार आहे. १६३० च्या आसपास मुघल वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर राठोड कुळाचे भंगी-जंगी नाईक १,८०,००० बैल घेऊन आले, वडतिया कुळाचा भगवानदास ५२,००० घेऊन. भंगी-जंगींना म्हणे सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला: रांजणातलं पाणी घ्या, छपराचं गवत घ्या, दिवसाला तीन खून माफ, जिथे आसफचे घोडे तिथे यांचे बैल. आकडे फुगवलेले असणार, पण सरकारदरबारी इतकी मोकळीक या लोकांना पुन्हा कधी मिळाली नाही. पक्के रस्ते आणि आगगाडीने बैलांवरची ही मालवाहतूक, लदेणी, बुडवली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुसला गेला तो थेट १९५२ मध्ये.

हिंगोली, आदिलाबाद आणि गुलबर्गा तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले, आणि पुढे तांडे तीन याद्यांत गेले: महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात १९७७ पासून अनुसूचित जमाती. सीमेपार दिलेल्या मुलीचे भाऊ एका प्रवर्गात आणि मुलं दुसऱ्या, असा हा प्रकार.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य होताच, त्यातल्या आपल्या नोंदीच्या आधारावर मराठवाड्यातल्या बंजारा समाजाने अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. आदिवासी संघटनांनी कडाडून विरोध केला. हिंगोलीत हा प्रश्न बांधाला बांध लागून आहे, कारण कळमनुरी-औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यातले आंध आदिवासी त्याच यादीत आहेत. तिन्ही राज्यांतल्या तांड्यांना लेंगीने एकत्र ठेवलं हे खरं. तांडा आणि आंधांची वस्ती यांना जोडणारं रिंगण तिच्याकडे नाही.

तिन्ही राज्यांतले तांडे रामनवमीला पोहरादेवीला जमतात, हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात, संत सेवालाल महाराजांच्या समाधीशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीला आकार दिला आहे नंगाऱ्याचा.