नायगाऱ्याचे कलम चौथे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे उन्हाळ्यात राहावयास जाणाऱ्या मराठी आईवडिलांच्या कार्यक्रमपत्रिकेत नायगाऱ्याचे स्थान इतके पक्के झाले आहे, की तो न पाहता परतलेल्या गृहस्थास नातलगांपुढे रीतसर खुलासा द्यावा लागतो. या सहलीची आखणीही आता ठरून गेलेली आहे. न्यू जर्सीहून पहाटे मोटारीने निघावयाचे, डब्यात दशम्या, मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी घ्यावयाची, सातएक तासांत बफेलो गाठावयाचे आणि कॅनडाचा निराळा व्हिसा काढला असेल तरच रेनबो पूल ओलांडून समोरून दर्शन घ्यावयाचे. नसेल तर अमेरिकेच्या काठावरून, म्हणजे धबधब्याच्या खांद्याशी उभे राहून, मिळेल तेवढ्या दर्शनावर समाधान मानावयाचे. निळे रेनकोट घालून बोटीतून भिजणे, गोट बेटावर टेस्लाच्या पुतळ्यापाशी छायाचित्र काढणे, रात्री रंगीत दिव्यांची रोषणाई पाहणे, हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. या सर्व आखणीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही, आणि तो म्हणजे धबधबा किती वाजता पाहावा.

पाण्याच्या वाटणीचे कज्जे वाचण्याचा मला जुना नाद आहे. बचावत लवादाच्या निवाड्यासारखे ग्रंथ लोक ज्या कंटाळ्याने बाजूस सारतात त्याच कारणास्तव मला ते आवडतात, कारण नदीविषयी माणसांना खरोखर काय हवे असते ते काव्यापेक्षा या रुक्ष दप्तरांत अधिक स्वच्छ दिसते. याच नादापायी अमेरिका व कॅनडा यांच्यामध्ये २७ फेब्रुवारी १९५० रोजी वॉशिंग्टन येथे झालेला नायगाऱ्याचा तहनामा हाती आला. त्याचे चौथे कलम आपल्याकडील कालव्याच्या पाणीपाळीच्या पत्रकासारखे वाचावयाचे असते. १ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत दररोज सकाळी आठ ते रात्री दहा, आणि १६ सप्टेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत सकाळी आठ ते रात्री आठ, या वेळांत धबधब्यावरून दर सेकंदास निदान एक लक्ष घनफूट पाणी पडू द्यावयाचे. उरलेल्या साऱ्या वेळी, म्हणजे उन्हाळ्यातील रात्री आणि संपूर्ण हिवाळा, पन्नास हजार घनफूट पुरे. नदीचा स्वाभाविक प्रवाह सरासरीने दोन लक्ष घनफुटांच्या आसपास आहे. तेव्हा जुलैतल्या दुपारी कठड्याला टेकून आपण जे पाहतो ते साधारण निम्मे पाणी होय, आणि मध्यरात्री केवळ चतुर्थांश. दिवे मात्र उन्हाळ्यात दहा वाजून गेल्यावरही उशिरापर्यंत चालू असतात, त्यामुळे जेवण लांबवून रोषणाईला जाणाऱ्यांवर पूर्ण प्रकाशात अर्धा धबधबा पाहण्याचा प्रसंग येतो व त्यांच्या ते ध्यानीही येत नाही.

ध्यानी येऊ नये अशीच तजवीज केलेली आहे, आणि या तजविजीचा इतिहास मला धबधब्याहून कमी भव्य वाटत नाही. १८८५ पूर्वी अमेरिकेच्या काठावरील प्रेक्षणीय जागा खासगी मालकांच्या ताब्यात होत्या व कुंपणातून डोकावण्याचेही पैसे पडत. त्या वर्षीच्या जुलैत न्यू यॉर्क राज्याने ती जमीन विकत घेऊन सर्वांस मोकळी केली. जमीन सुटली, पण दहा वर्षांत वीज आली आणि कारखानदारांची दृष्टी पाण्यावर गेली. १९०५ साली हॅरिसबर्गचा जे. होरेस मॅकफार्लंड नावाचा एक मुद्रक, जो एरवी आपल्या बागेतील गुलाबांत रमलेला असे, त्याने स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात ‘नायगाऱ्याचा कोळशाचा ढीग करावयाचा काय’ अशा आशयाचा जळजळीत लेख लिहिला आणि वाचकांस थेट अध्यक्ष रूझवेल्ट यांस पत्रे धाडण्याचे आवाहन केले. गृहिणींनी धाडलेल्या त्या पत्रांचा असा रेटा पडला, की पुढल्याच वर्षी पाणी वळविण्यावर मर्यादा घालणारा बर्टन कायदा मंजूर झाला. मॅकफार्लंडचे नाव आज नायगाऱ्यावर कोणास फारसे ठाऊक नाही. पिंपात बसून धबधब्यावरून उड्या घेणाऱ्यांची नावे मात्र दुकानादुकानांत विकली जातात. १९०९ च्या तहाने अमेरिकेस वीस हजार व कॅनडास छत्तीस हजार घनफूट पाणी विजेसाठी वळविण्याची मुभा दिली. पुढील दोन महायुद्धांत ती मुभा वाढत कशी गेली याचा तपशील सोडून देण्यास हरकत नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र सोडवत नाही. १९२६ साली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळापुढे प्रश्न असा होता, की प्रेक्षकाच्या आनंदात न्यूनता न येऊ देता पाणी किती काढून घेता येईल. सौंदर्याची मोजदाद कशी करावी? मंडळातील अभियंत्यांनी प्रेक्षकास नेमके काय आवडते याची छाननी केली. पाण्याचा पडदा कोठेही फाटलेला नसावा आणि नालाकृती कड्याच्या मध्यभागी, जेथे पाणी जाड असते, तेथला तो हिरवा रंग टिकावा, असा निष्कर्ष काढला, आणि दुरून हिरवेपणा मोजणारे ‘टेलिकलरीमीटर’ नावाचे यंत्र वापरून त्या हिरवेपणाची रीतसर नोंद केली. सरकारी खर्चाने, सरकारी नोंदवहीत, पाण्याच्या हिरवेपणाची मापे! या नोंदी करणाऱ्या अनाम कारकुनाविषयी मला विलक्षण आत्मीयता वाटते.

१९५० च्या तहनाम्याच्या प्रस्तावनेत धबधब्याचे सौंदर्य राखणे व वाढविणे हे आपले आद्य कर्तव्य असल्याचे उभय सरकारांनी मान्य केले, आणि मग ‘वाढविण्याचे’ काम अक्षरशः हाती घेतले. मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग येथे आणि टोरांटोजवळ धबधब्याच्या लहान प्रतिकृती उभारून त्यांवर पाणी सोडून पाहिले. नालाकृती कड्याची दोन्ही टोके खोदून व भराव घालून कड्याची लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास कमी केली, जेणेकरून निम्म्या पाण्यातही पडदा सलग दिसावा. आणि वरच्या अंगास दरवाजांचे एक नियंत्रक धरण बांधले, ज्याच्या योगाने कलम चौथ्याचा अंमल घड्याळाबरहुकूम होतो. काहीजण यास फसवणूक म्हणतात. मला तसे वाटत नाही. गिरसप्प्यास मे महिन्यात गेलेल्यांना लिंगनमक्कीचे धरण १९६४ साली झाल्यापासून बहुशः ओला कातळच पाहावयास मिळतो, कारण शरावतीचे पाणी वाटताना पाहणाऱ्याचा हक्क कोणी कलमात घातला नव्हता. इथे निदान तो हक्क अंकांत लिहून ठेवला आहे, तोही उन्हाळ्यात सुट्टीवर येणाऱ्या सामान्य माणसाच्या सोयीने.

तथापि रात्री वाचविलेले पाणी जाते कोठे, याचा माग काढू लागल्यावर माझा हा उत्साह ओसरला. ते बोगद्यांतून वीजकेंद्राकडे जाते, रात्री विजेची मागणी कमी असते म्हणून त्यातले पुष्कळसे पंपांनी लुइस्टनच्या जलाशयात चढविले जाते, आणि दिवसा मागणी वाढली की तेथून खाली सोडून पुन्हा वीज काढली जाते. हा जलाशय बांधावयास न्यू यॉर्कच्या वीज प्राधिकरणाचे अध्यक्ष रॉबर्ट मोझेस यांना टस्करोरा या मूळनिवासी राष्ट्राची १,३८३ एकर जमीन हवी होती. टस्करोरांनी ती विकण्यास नकार दिला. १९५८ च्या एप्रिलमध्ये मोजणीदार पोलीस बंदोबस्तात आले, तेव्हा तेथील स्त्रीपुरुष त्यांच्या गाड्यांपुढे आडवे आले, तिघांना अटक झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्या खटल्याचा ७ मार्च १९६० चा निकाल वाचकाने मुळातूनच वाचावा. कायद्याने संरक्षण होते ते ज्या राखीव जमिनीत संघ सरकारची मालकी वा हितसंबंध असेल तिला. वादातली जमीन मात्र टस्करोरांनी उत्तर कॅरोलायनातील आपल्या पूर्वापार भूमीच्या विक्रीतून आलेल्या पैशाने, १८०४ साली, हॉलंड लँड कंपनीकडून खरेदी केलेली होती. ती त्यांची स्वतःची होती, म्हणून बहुमताच्या मते ‘राखीव’ ठरत नव्हती, आणि म्हणून योग्य मोबदला देऊन संपादन करता येत होती. दान मिळालेली जमीन सुरक्षित आणि स्वकष्टाच्या पैशाने घेतलेली असुरक्षित, असा हा न्याय! न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी, सरन्यायाधीश वॉरन व न्यायमूर्ती डग्लस यांच्या सहमतीने, भिन्नमतपत्र लिहिले. टस्करोरांच्या मनात त्यांच्या घरांचे व भूमीचे जे मूल्य आहे ते पैशांत मोजता येत नाही आणि दिलेला शब्द पाळावयास हवा होता, असा त्याचा आशय आहे. वाट पाहून कंटाळलेल्या मोझेस यांनी तोवर आराखडा आवरला होता, त्यामुळे अखेर गेली ती सुमारे ५५० एकर. पुढल्याच वर्षी, १९६१ साली, वीजकेंद्र सुरू झाले.

धबधब्यापासून लुइस्टनचा बांध मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येतो. तहनामा पन्नास वर्षांसाठी होता आणि पुढे कोणीही एक वर्षाची सूचना देऊन तो संपवू शकतो, तशी सूचना अद्याप कोणी दिलेली नाही, तेव्हा १५ सप्टेंबरच्या आत जाणाऱ्यांनी धबधबा दिवसा पाहावा, एकदा रात्री दहानंतर पाहून दोहोंतला फरक ध्यानी घ्यावा, आणि परतताना वाट वाकडी करून तो बांधही पाहावा, असे मी ज्याला त्याला सांगत असतो. ऐकणारे बहुधा माना डोलावतात आणि लगेच तिथल्या दुकानांत सवलतीतल्या खरेदीस किती वेळ राहील याचा हिशेब करू लागतात.