जुन्या लाकडाला नवा रंग: ब्रश हातात घेण्याआधी

शाबान लागला की आपल्याकडे घराघरांत झाडझूड सुरू होते. माळ्यावरचं सामान खाली उतरतं, भिंतींना रंग निघतो आणि मग ओटीवरचं जुनं कपाट किंवा दादीचा पलंग सगळ्यांच्या नजरेत खुपायला लागतो. कुवेत-दुबईहून सुट्टीवर आलेला भाऊ म्हणतो, "काढून टाका ते, नवीन आणू." भंगारवाला तर गल्लीतच असतो. मग घरातली एखादी खाला नाहीतर फुफी मध्ये पडते, "टाकू नका, रंग मारून घ्या." आणि दुपारपर्यंत ऑइल पेंटचा डबा आलेला असतो.

टाकण्यापेक्षा रंगवणं बरंच. पण डबा उघडण्याआधी दोन-तीन गोष्टी बघितल्या नाहीत तर पुढे पस्तावायची पाळी येते. आमच्यावर आली आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात दादीचा चार खांबांचा पलंग होता. घरात निकाह होता, खोली उजळ दिसावी म्हणून आम्ही त्याला पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात मारले. सगळ्यांनी वाहवा केली. बऱ्याच वर्षांनी एक पाय सांध्यातून हलायला लागला म्हणून सुतारचाचांना बोलावलं. त्यांनी पटाशीने रंग थोडा खरवडला, बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, "हा बर्मा साग कोणी रंगवला?" आम्ही गप्प. तो रंग उतरवायला चार दिवस लागले आणि रंगवताना आला होता त्याच्या कितीतरी पट खर्च आला.

रत्नागिरीत तरी सागाची ही कथा आपल्याला माहीत असायला हवी. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला सागाचे ओंडके कमी दाखवल्याच्या आरोपावरून सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. युद्धाला इतरही कारणं होती, पण इंग्रजांना निमित्त मिळालं ते या सागाचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंडाले पडलं, थिबा राजा कैद झाला आणि १८८६ मध्ये त्याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. ज्या झाडाच्या वादातून एक राज्य गेलं, त्याच लाकडाची कपाटं आणि पलंग रंगूनहून येणाऱ्या मालातून मुंबई-कोकणातल्या घरांत आले. आपल्यातले कितीतरी लोक तेव्हा जहाजांवर खलाशी होते. तेव्हा आपल्या माळ्यावरचा जुना पेटारा साधाच असेल, असं धरून चालू नका.

मग ओळखायचं कसं? समोरचा भाग बघू नका, तिथे पॉलिश आणि मळ बसलेला असतो. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याची खालची बाजू किंवा कपाटाची पाठ बघा. साग सोनेरी-तपकिरी दिसतो, हाताला किंचित तेलकट लागतो, घासला की चामड्यासारखा वास येतो. फणसाचं लाकूड आधी पिवळं असतं आणि वर्षांनुवर्षे गडद होत जातं. आंब्याचं फिकट, भुरकट. आमचं मत सरळ आहे: साग आणि फणस रंगाखाली झाकू नयेत, त्यांना पॉलिशच करावं. आंबा, पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड, तीन वेगवेगळ्या लाकडांची जोडाजोड केलेलं टेबल, जागोजागी ठिगळं लावलेलं कपाट, हे मात्र खुशाल रंगवा. रंगाने त्यांचं भलंच होतं.

जुनं फर्निचर विकत घेत असाल, मग ते रत्नागिरीत असो की मुंबईच्या ओशिवरा बाजारात नाहीतर चोर बाजारात, ताज्या रंगाच्या वस्तूवर जरा संशय घ्या. रंगाखाली लांबी भरून पोखरलेलं लाकूड झाकता येतं. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. उलटी करून पायांचे तळ बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड आत जिवंत आहे. तशी वस्तू घरात आणून इतर लाकडाशेजारी ठेवू नका. आधी बाहेर ठेवा, दुकानात मिळणारं लाकडाच्या किडीचं औषध इंजेक्शनच्या सुईने भोकात सोडा, दोन-तीन आठवडे थांबा. नवा भुसा पडला नाही तरच पुढचं काम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडेच कोणी बघत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असतं. विशेषतः भडक पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेलं कपाट तुम्ही पॉलिश पेपरने कोरडंच घासायला बसलात, तर ती धूळ घरभर उडते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकतं आणि तेच हात तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि रक्तात अमुक इतकं शिसं चालतं अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो उतरवूच नका, त्याच्यावरच नवा द्या. पोपडे आले असतील तर अंगणात, पाणी मारून ओलं घासा, नाकाला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. स्टोव्हच्या किंवा गॅसच्या ज्योतीने रंग जाळून काढायची पद्धत तर बंदच करा, त्याचा धूर आणखी वाईट. पोटुशी बाई आणि लहान मुलं त्या दिवशी दुसऱ्या घरी.

मिरकरवाडा-राजिवड्याच्या बाजूला आणखी एक सवय दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून रंगवल्या जातात आणि उरलेला रंग घरच्या बाकाला, पाळण्याला मारला जातो. होडीच्या बुडाला लावायच्या रंगात शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याचं विष घातलेलं असतं. शिवाय ९० पीपीएमचा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, कारखान्याच्या कामाच्या रंगांना नाही. फुकट मिळाला तरी तो रंग पाळण्याला नको.

प्रत्यक्ष काम तसं सोपं आहे, वेळखाऊ आहे इतकंच. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून तेलकट मळ पुसा, मग साध्या पाण्याने पुसून दोन दिवस सुकू द्या. हलणारे सांधे आधी सुताराकडून चिकटवून घ्या. रंगाने सांधा धरत नाही. गंजके खिळे काढून पितळी किंवा स्टीलचे स्क्रू लावा, आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. मग १२० नंबरचा पेपर, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. भोकांत लांबी, ती सुकली की पुन्हा घासणं, त्यावर वुड प्रायमरचा एक हात. मग रंगाचे दोन पातळ हात, आणि दोन्हींच्या मध्ये एक पूर्ण दिवस आणि ३२० नंबरचा हलका पेपर. एकच जाड हात मारला तर वरून साय धरते आणि आतून महिनाभर चिकट राहतं. घरात दम्याचा माणूस असेल तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या, त्याला वास कमी.

पॉलिश करणार असाल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पोच्याने देतात. स्पिरिट पेट घेतं, चुलीजवळ नको. जवसाचं तेल वापरलंत तर त्याचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

हे सगळं पावसात करू नका. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या हवेत लाखेचं पॉलिश पांढरट पडतं, फुगलेली कपाटाची दारं तशीच रंगवली तर हिवाळ्यात फटी दिसतात. सध्या रमजान कोरड्या दिवसांत येतोय, त्याचा फायदा घ्या.

रेहलचं वेगळं सांगायला हवं. जुनी रेहल एकाच फळीतून कोरलेली असते, तिची बिजागरी लाकडाच्याच दातांची. त्या दातांत रंग गेला की ती उघडत नाही आणि जोर लावला की दात मोडतो. तिला कोरड्या ब्रशने साफ करून पॉलिशचा पुसट हात पुरे.

नवीनच घेऊ म्हणणाऱ्यांना आम्ही चिपळूणची आठवण देतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर असं पाण्यात बसलं की फुगतं आणि पुन्हा जागेवर येत नाही. अस्सल लाकूड सावलीत सावकाश सुकवलं तर बहुतेक वेळा वाचतं, सांधे तेवढे नव्याने घट्ट करावे लागतात.

दादीचा पलंग आता पुन्हा सागाच्या रंगात आहे. एका खांबाच्या नक्षीत थोडा पांढरा रंग अजून अडकलाय. तो खरवडायला गेलो तर नक्षी जाईल, म्हणून सुतारचाचांनी तसाच ठेवला.