चेहऱ्यावरील वांग : ओळख, प्रतिबंध व उपचार

खुरपणी, वेचणी, काढणी, लागवड ही शेतीतील बहुतेक कामे उघड्या रानात करावी लागतात आणि त्यांत महिलांचा वाटा मोठा असतो. पंचविशी-तिशी ओलांडली की यांपैकी अनेकींच्या गालांवर, नाकावर, कपाळावर व वरच्या ओठावर तपकिरी किंवा काळसर डाग दिसू लागतात. यालाच आपल्याकडे वांग म्हणतात. वैद्यकीय भाषेत त्यास मेलाझ्मा असे नाव आहे. उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही वांग होतो, मात्र प्रमाण कमी असते.

वांग दुखत नाही, खाजत नाही, एकापासून दुसऱ्याला होत नाही आणि त्यापासून जिवास धोका नसतो. त्यामुळे त्यासाठी दवाखान्यात जाण्याचे कोणी मनावर घेत नाही. परंतु चार माणसांत वावरताना संकोच वाटतो, लग्नाच्या मुलीच्या बाबतीत घरच्यांनाही काळजी लागते. मग आठवडे बाजारातून किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून एखादे मलम आणले जाते. वांगापेक्षा या मलमाने होणारे नुकसान पुष्कळदा मोठे असते. म्हणून वांग का होतो, तो कसा टाळावा व उपचार कोणते घ्यावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

वांग कसा होतो?

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून आजूबाजूच्या पेशींना पुरवितात. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणे हे या रंगद्रव्याचे काम आहे. टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने ते तयार होते. कापून ठेवलेला बटाटा किंवा वांगे थोड्या वेळात काळे पडते, ती क्रियाही याच जातीच्या, तांबेयुक्त विकरामुळे घडते. वांगामध्ये चेहऱ्याच्या काही भागांतील रंगपेशी गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात आणि तेथे रंगद्रव्य साचते.

याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

1) ऊन : हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढतो.

2) गरोदरपण : शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलल्याने वांग उमटतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत तो बऱ्याच जणींत फिका होतो, सर्वांत नाही.

3) गर्भनिरोधक गोळ्या : काही महिलांत या गोळ्यांमुळे वांग सुरू होतो किंवा वाढतो. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारून तांबीसारखा दुसरा मार्ग निवडावा.

4) आनुवंशिकता : आई किंवा बहिणीला वांग असल्यास आपल्याला होण्याची शक्यता वाढते.

5) उष्णता : चूल, भट्टी यांच्या धगीजवळ सतत काम केल्यानेही वांग वाढतो असे आढळते.

वांग पोटातील उष्णतेमुळे होतो, यकृत बिघडल्याची ती खूण आहे, असे समज प्रचलित आहेत. त्यांना आधार नाही.

प्रत्येक काळा डाग वांग नव्हे

पिकावरील रोग ओळखल्याशिवाय आपण फवारणी करीत नाही. तसेच डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय औषध लावू नये. वांग चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, पापण्या सहसा मोकळ्या राहतात आणि त्वचा हाताला गुळगुळीत लागते. पुढील लक्षणे असल्यास कारण वेगळे असण्याचा संभव असतो.

* गाजरगवताची ॲलर्जी : पापण्या, मान व कोपराच्या लवणीत तीव्र खाज सुटते, त्वचा जाड व काळी होते. पुण्यात 1955 च्या सुमारास प्रथम नोंदलेल्या या तणातील पार्थेनिन हे द्रव्य त्यास कारणीभूत आहे. गवत उपटणाऱ्यास हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. ॲलर्जी झालेल्या व्यक्तीने ते काम करूच नये.

* मानेवर मखमलीसारखा जाड काळेपणा : मळ समजून तो घासला जातो. तो पुष्कळदा लठ्ठपणा व मधुमेहाची पूर्वसूचना असतो. रक्तातील साखर तपासून घ्यावी.

* बोटांच्या पेरांवर काळेपणा, थकवा, जिभेची आग : बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते.

* उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर व गळ्याभोवती काळी, सोललेली त्वचा, सोबत जुलाब : हा नायसिनच्या कमतरतेचा पेलाग्रा असू शकतो. केवळ ज्वारी किंवा मक्यावर भागविणाऱ्या व अति मद्यपान करणाऱ्या व्यक्तींत तो आढळतो. याला तातडीने उपचार लागतात.

* रसामुळे पडलेले डाग : लिंबू किंवा अंजिराचा रस व चीक अंगावर राहून ऊन लागले, तर त्वचा भाजते व काळे पट्टे उमटतात. लिंबू-अंजीर बागायतदारांनी तोडणीनंतर हात व चेहरा साबणाने धुवावा.

प्रतिबंध : प्रथम सावली, मग मलम

उन्हापासून बचाव केल्याशिवाय वांगावरील कोणतेही औषध टिकत नाही. बांध फुटलेला असताना वाफ्याला पाणी देण्यासारखा तो प्रकार होतो. पुढील बाबींपैकी बहुतेकींना फारसा खर्च येत नाही.

1) कामाची वेळ : सकाळी 10 ते दुपारी 4 या काळातील ऊन सर्वांत हानिकारक असते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल, तर ऊन प्रखर आहे असे समजावे. शक्य ती कामे सकाळी लवकर व चारनंतर करावीत. दुपारी शेंगा फोडणे, निवडणे, प्रतवारी ही कामे झाडाखाली किंवा शेडमध्ये घ्यावीत.

2) डोक्यावर रुंद काठाची टोपी : गांधी टोपीने कपाळ, नाक व गाल झाकले जात नाहीत. पदर डोक्यावरून घेतला तरी चेहरा उघडाच राहतो. चहूबाजूंनी किमान 3 इंच काठ असलेली टोपी वापरावी व तिच्याखाली नाक-गाल झाकणारा रुमाल किंवा ओढणी बांधावी.

3) कापड : घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड ऊन चांगले अडविते. जुने, विरलेले व ओले झालेले पातळ सुती कापड कमी अडविते.

4) ढग व थंडी : पातळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. पौष महिन्यात कांदा लागवडीच्या वेळी ऊन बोचत नाही, पण दुपारी त्यातील किरण कमी झालेले नसतात असेच समजून काळजी घ्यावी.

5) सनस्क्रीन : ज्यांना शक्य आहे त्यांनी एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक क्षमतेचे सनस्क्रीन वापरावे. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते, कारण ते दिसणारा प्रकाशही अडविते. चेहरा व मान मिळून सुमारे एक चहाचा चमचा एवढे मलम लागते. घराबाहेर पडण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटे लावावे. घामाने ते निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. बोटाच्या टोकाएवढे मलम दिवसातून एकदा लावल्याने पैसे जातात, उपयोग होत नाही.

6) घासू नये : खरखरीत दगड, काथ्या, मीठ किंवा साखर यांनी डाग घासू नयेत. दाह झाला की त्वचा अधिक काळी पडते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे, बिब्बा लावणे हे उपाय धोक्याचे आहेत. तीव्र वासाची प्रसाधनेही काही जणांत काळेपणा वाढवितात.

उपचार

वांग किती खोल आहे यावर उपचाराचे यश अवलंबून असते. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो व लवकर फिका होतो. ते खालच्या थरात उतरले असेल तर डाग निळसर-राखाडी दिसतो व हरळीच्या मुळांप्रमाणे चिवट असतो. बऱ्याच रुग्णांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. त्वचारोगतज्ज्ञ विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात तपासून याचा अंदाज घेतात.

* हायड्रोक्विनोन : 2 ते 4 टक्के तीव्रतेचे मलम रात्री फक्त डागावर लावतात. टायरोसिनेजचे काम ते कमी करते. परिणाम दिसण्यास 8 ते 12 आठवडे लागतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर ते बंद करावे. वर्षानुवर्षे वापरल्यास त्वचेवर कायमचा निळसर काळेपणा येऊ शकतो.

* ॲझेलाइक आम्ल : सौम्य परिणामाचे औषध असून गरोदरपणातही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. गरोदर महिलांनी हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन वापरू नये.

* तिहेरी मलम : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांच्या मिश्रणाचे मूळ सूत्र क्लिगमन व विलिस यांनी 1975 साली मांडले. ते परिणामकारक आहे, पण थोड्या आठवड्यांसाठी व तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असते.

* ट्रानेक्सामिक आम्लाच्या गोळ्या : चिवट वांगावर दिल्या जातात. या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असल्याने तपासणीशिवाय घेऊ नयेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आम्लाचे लेप व लेसर हे उपचार खर्चिक आहेत. त्यानंतर वांग पुन्हा उलटू शकतो, म्हणून ते सुरुवातीचे उपचार नव्हेत.

स्टेरॉइड व पाऱ्याच्या मलमांपासून सावध

क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइड औषधे असलेली मलमे गोरेपणासाठी सर्रास लावली जातात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या व लव वाढते आणि उन्हात चेहऱ्याची आग होते. मलम थांबविताच त्रास दुप्पट होतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते व सवय जडते. केंद्र सरकारने 2018 साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये आणली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. असे मलम बराच काळ लावले असल्यास ते एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी व परवाना क्रमांक नाही, ती विकत घेऊ नये. अशा काही मलमांत पारा असतो. 2023 साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाची मलमे वापरणाऱ्या रुग्णांत मूत्रपिंडाचा विकार आढळून आला. चेहऱ्याला लावलेले द्रव्य अंगात भिनते, हे लक्षात ठेवावे. अशा मलमाच्या वापरानंतर पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर मलमाची डबी सोबत घेऊन दवाखान्यात जावे.

समारोप

वांग महिन्याभरात जात नाही. योग्य उपचाराने तो दोन-तीन महिन्यांनी फिका होऊ लागतो आणि उन्हाकडे दुर्लक्ष केल्यास परत येतो. म्हणून टोपी, रुमाल व कामाच्या वेळा यांची सवय कायम ठेवावी. मजुरीने येणाऱ्या महिलांसाठी बांधावर सावलीची सोय करणे व दुपारची सुटी देणे हे शेतमालकाच्या हाती आहे. डाग वाढत असल्यास, खाज किंवा आग होत असल्यास जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात तपासून घ्यावे. आणि सर्व काळजी घेऊनही थोडा वांग राहिला, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. तो रोगट रक्ताची किंवा पापाची खूण नसून, उन्हात राबणाऱ्या त्वचेने स्वतःच्या बचावासाठी केलेल्या धडपडीचा तो परिणाम आहे.