आटवलेल्या गाईचे दोन महिने

सातवा महिना सरला की गाय आटवायची, हे निपाणी भागातल्या कुठल्याही गोठ्यात पाठ असतं. हातून मात्र होत नाही. संकरित गाय आठव्या महिन्यातही दोन्ही वेळचं मिळून पाच-सहा लिटर देते. डेअरीच्या बिलावर किराणा, भिशी, पोरांची फी चाललेली असते, आणि चालू धार आपल्याच हातानं बंद करणं घरातल्या बाईच्या जिवावर येतं. मग 'हे एवढं बिल निघू दे' म्हणत म्हणत नववा महिना उजाडतो.

वासराचं निम्म्याहून जास्त वजन याच शेवटच्या दोन महिन्यांत वाढतं. कासेलाही विश्रांती मिळून नव्यानं भरायचं असतं, आणि चिकात उतरणारी रोगप्रतिकारक द्रव्यं विण्याआधीच्या आठवड्यांत साठतात. धार काढत राहिलं तर ती दुधाबरोबर डेअरीच्या कॅनमध्ये जातात. म्हणून साठ दिवस हवेतच. आधी पेंड कमी करायची, मग एकाच वेळेला धार, मग बंद. शेवटची धार निपटून काढायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं चारी सडांत औषधाची ट्यूब सोडायची, म्हणजे आटलेल्या कासेत दगडी होत नाही.

खरी आबाळ याच्यानंतर सुरू होते. दूध नाही तर पेंड कशाला, असा हिशेब होतो. गाय गोठ्याच्या कडेच्या दाव्याला जाते आणि तिच्या पुढ्यात उसाचं वाडं पडतं.

वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठानं कागलपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत ऊसच ऊस. हंगामात तोडणी लागली की वाड्याच्या मोळ्या बांधावर मिळतात, हिरव्यागार, स्वस्त. जनावर आवडीनं खातं आणि त्याचं पोटही भरतं. पण वाड्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. ते पोटातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि तसंच शेणावाटे बाहेर घेऊन जातं. महिनोन्‌महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या गाईच्या हाडांतला साठा खंगत जातो. वरून ती धष्टपुष्ट दिसते, हीच यातली फसवणूक.

निपाणीजवळच्या एका वस्तीवरची तिसऱ्या वेताची गाय मी या वेळी आटवल्यापासून बघत होते. मागच्या वेताचं सगळं तिथल्या वैनींच्या तोंडून ऐकलं होतं. "याली तवा काय न्हवतं बघा. दुसऱ्या दिवशी बसली ती उठंना. कान गार, मान पोटाकडं वळवून पडलेली. आमी म्हटलं, गेली आता."

"वाडं किती घालत होतासा?"

"तोडणी चालू हाय तवर वाडंच की. आणि कॅल्शियमच्या बाटल्या पाजवल्याल्या, कुणीतरी सांगितलं म्हणून."

हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं. गाईच्या सगळ्या रक्तात मिळून तीन-चार ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि दहा लिटर चीक वीस ग्रॅमहून अधिक ओढून नेतो. एवढी तूट हाडांनी ताबडतोब भरून काढायची असते. शेवटच्या आठवड्यांत बाहेरून कॅल्शियम पाजत राहिलं, तर हाडांतून ते काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन वेळी हलत नाही. म्हणून विण्याआधीचे तीन आठवडे बाटली बंद, आणि व्याल्यावर लगेच द्यायची. हा क्रम उलटा झालेला मी इतक्या गोठ्यांत पाहिला आहे, की औषधाच्या दुकानावर पाटी लावून सांगावंसं वाटतं.

शिरेतून कॅल्शियम देताना डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकत ऐकत सलाईन सावकाश सोडतात, कारण घाई झाली तर हृदय बंद पडू शकतं. वेळेवर मिळालं तर पडलेली गाय बहुधा काही वेळातच उठून उभी राहते. वैनींची गाय उठली ती अशीच. रात्री-अपरात्री घरच्या माणसांनी सुई हातात घेऊ नये. हद्दीच्या अलीकडे कर्नाटकात काय नि पलीकडे महाराष्ट्रात काय, जनावरांसाठी १९६२ हाच नंबर आहे.

या खेपेला वैनींनी वाडं निम्म्याहून खाली आणलं, जोडीला कडबा नि भुसा घातला. पेंड शेवटच्या तीन आठवड्यांत थोडी थोडी वाढवत नेली. नऊ महिने नऊ दिवस भरत आले तशी कास तटतटली, सडांवर चकाकी आली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले. त्या रात्री ती सारखी उठबस करू लागली. पाणमोट फुटली, पाठोपाठ पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं. एवढं दिसलं की हात आवरायचे. ओढायची घाई बहुतेकांना होते. कळा जोरात असूनही तासाभरात काही पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय आला, तरच डॉक्टरांना फोन. इथे अर्ध्या तासात कालवड झाली. नाकातोंडातला चिकटा पुसला, नाळ बोटभर ठेवून कापली, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवली, आणि कालवड चाटायला गाईपुढे ठेवली.

वैनींच्या सासूबाईंनी मग कालवड बाजूला घ्यायला सांगितलं. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही इथली जुनी रीत. सासूबाईंची माया खरी आहे, पण रीत घातक आहे. गाईच्या पोटात असताना आईची प्रतिकारशक्ती वासरापर्यंत पोचत नाही, ती सगळी चिकातून मिळते. आणि वासराच्या आतड्याला ती शोषून घ्यायला जेमतेम एक दिवस असतो, त्यातही पहिले तास सर्वांत मोलाचे. शिवाय वासरू सडाला लागलं की पान्ह्याबरोबर गर्भाशयही आकसतं आणि वार सुटायला मदतच होते. वैनी हळूच म्हणाल्या, "आत्ती, डॉक्टरांनीच सांगितलंय, आदी पाजवा म्हणून." सासूबाईंनी मोडता घातला नाही. कालवडीनं तासाभरात चीक ओढला, आणि वार पहाटेआधी पडली. बारा तास उलटूनही ती अडकून राहिली तर हातानं ओढायची नसते, डॉक्टरांना दाखवायची. वडाच्या फांदीला वार बांधायची पद्धतही मागे पडायला हवी. गाभ टाकायला लावणारा ब्रुसेला वारेतून पसरतो, माणसालाही लागतो. वैनींच्या दिरानं खोल खड्डा काढून चुना टाकला आणि वार पुरली.

पहिले दोन दिवस कास पूर्ण पिळायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणजे कॅल्शियमची ओढ एकदम वाढत नाही. कालवडीचं भागून उरलेल्या चिकाचा खरवस शेजारच्या कानडी घरीही गेला. तिकडे त्याला गिण्ण म्हणतात. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, गाय उभी होती. सहाव्या दिवशी दूध डेअरीत गेलं.

आता मुद्दा वाड्याचा. धार चालू असतानाही ते चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, जोडीला रोज खनिज मिश्रण हवं, असं ठरलं. अथणीकडच्या शाळूच्या कडब्याचा दर ऐकून सासरे कुरकुरले. वैनींनी मागच्या वेताच्या सलाईनचा, डॉक्टरांच्या फेऱ्यांचा आणि आठवडाभर बुडालेल्या दुधाचा खर्च त्यांना बोटांवर मोजून दाखवला. शाळूची सुगी झाली की ट्रॉलीभर कडबा घेऊन गंजी लावायची, असं ठरवून सासरे चहाला बसले.