चूक कोणाची, भार कोणावर?

मोटार सायकलला धडकली की आपण आधी विचारतो, चूक कोणाची? नेदरलँड्सचा कायदा आधी पाहतो, धोका कोणी रस्त्यावर आणला. 1971 साली तिथे रस्त्यांवर 3,000 हून अधिक माणसे दगावली. त्यांत 400 हून अधिक मुले होती. पुढे ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली आणि सायकलींसाठी रस्ते बदलू लागले.

तिथल्या वाहतूक कायद्याच्या 185 व्या कलमानुसार, अपघात अटळ होता हे मोटारवाल्याने सिद्ध करायचे. ते न जमल्यास सायकलस्वाराचे किमान निम्मे नुकसान त्याने भरून द्यायचे. सायकलस्वार 14 वर्षांखालील असेल, तर मुलाच्या चुकीपोटी भरपाई सहसा कमी होत नाही. ही शिक्षा नव्हे. पैसे बहुधा विमा कंपनीच देते. तर्क साधा आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि ती सोसतो सायकलस्वार.

आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले 164 वे कलम, चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देते. त्याहून अधिक हवे, तर चालकाची चूक दाखवावी लागते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही नियम हाच. पण जो रस्त्यावरच गेला, त्याची बाजू सांगायची कोणी?